टेस्टचा डेटाबेस लाइव्हपासून वेगळा कसा झाला

कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावच्या दूध संस्था सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) नोंदवतात आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं काढतात. असं बिल काढणाऱ्या वेब सॉफ्टवेअरची ऑटोमेटेड टेस्ट, म्हणजे ते बरोबर चालतं का हे आपोआप तपासणारा प्रोग्रॅम, लिहायची झाली, तर आधी सभासदांचं टेबल रिकामं करावं लागतं. मग दोन खोटे उत्पादक घालायचे, एकाची म्हैस, एकाची गाय. दहा दिवसांचं दूध भरायचं, बिल काढायचं, रक्कम पैशाला पैसा जुळते का बघायचं आणि शेवटी सगळं पुसायचं. टेस्टला दर वेळी कोरी पाटी लागते, नाहीतर कालच्या उरल्यासुरल्या नोंदींमुळे आजचं उत्तर चुकतं. लाइव्ह डेटाबेसचं, म्हणजे संस्था रोज खरोखर वापरते त्याचं, नेमकं उलटं आहे, तिथे घातलेली एकही नोंद जाता कामा नये. म्हणून टेस्ट चुकून लाइव्हवर चालली की होणारं नुकसान हे टेस्टने आपलं काम चोख केल्याचंच फळ असतं.

मोठ्या बँकांच्या मेनफ्रेमवर (मोठ्या मध्यवर्ती कॉम्प्युटरवर) टेस्ट आणि प्रॉडक्शन, म्हणजे लाइव्ह, वेगळं ठेवण्याची शिस्त जुनीच. पण वेब डेव्हलपमेंटकडे ती त्या वाटेने आली नाही. आज आपण लिहितो त्या टेस्टचं मूळ केंट बेक यांनी १९९४ च्या सुमारास स्मॉलटॉक भाषेसाठी केलेल्या एसयुनिट या टेस्टच्या साधनात आहे. १९९७ मध्ये बेक आणि एरिश गामा यांनी त्याच धर्तीवर जावासाठी जेयुनिट लिहिलं. प्रत्येक टेस्टच्या आधी मांडामांड आणि नंतर आवराआवर ही पद्धत तिथून रुळली. त्या टेस्ट मुख्यतः मेमरीतल्या ऑब्जेक्टवर चालायच्या. प्रोग्रॅम संपला की सगळं आपोआप नाहीसं व्हायचं, त्यामुळे आवराआवर चुकली तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं.

वेबचं जग तेव्हा वेगळ्याच रस्त्याने चाललं होतं. पीएचपी ही वेबची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस, दोन्ही १९९५ ची. पुढची कित्येक वर्षं लहान शहरांतलं वेबचं काम याच जोडीवर झालं आणि कोल्हापूरही त्याला अपवाद नव्हतं. राजारामपुरी, शाहूपुरीतल्या दोन-चार जणांच्या ऑफिसांत फाउंड्र्यांच्या, पतसंस्थांच्या, गूळ व्यापाऱ्यांच्या साइट बनायच्या. कॉलेजात सगळे एक्झॅम्पवर, म्हणजे ही जोडी आपल्याच कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या तयार संचावर, शिकलेले. तिथे मायएसक्यूएलचा रूट युजर आणि पासवर्ड रिकामा. साइट लाइव्ह करताना कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमधल्या चार ओळी हाताने बदलायच्या आणि एफटीपीने फाइल चढवायच्या. स्वस्त शेअर्ड होस्टिंगमध्ये (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) डेटाबेस मोजकेच मिळायचे, कधी एकच. दुसऱ्या डेटाबेससाठी क्लायंट जादा पैसे देणार नाही हे ठरलेलंच. मग चाचणी म्हणजे ब्राउझर रिफ्रेश करणं, आणि लाइव्हच्याच टेबलात 'टेस्ट', 'एबीसी', 'अआइ' अशा नावांच्या नोंदी घालून नंतर डेटाबेस हाताळायच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून काढणं. यात त्या पोरांचा आळस नव्हता. त्यांच्या हातात जी साधनं होती त्यांत वेगळेपणाला जागाच नव्हती.

ती जागा पहिल्यांदा ठळकपणे करून दिली २००४ मध्ये आलेल्या रूबी ऑन रेल्सने. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांच्या या फ्रेमवर्कमध्ये (साइट बांधायच्या तयार सांगाड्यात) नवा प्रोजेक्ट उघडला की डेटाबेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये तीन कप्पे तयारच असायचे: डेव्हलपमेंट, टेस्ट, प्रॉडक्शन. टेस्टच्या कप्प्यावर इशाराही लिहिलेला असे की हा डेटाबेस पुसून नव्याने बांधला जाईल, इथे डेव्हलपमेंट किंवा प्रॉडक्शनचं नाव घालू नका. डेव्हलपरला विचार करायच्या आधीच वेगळेपणा हातात पडत होता, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. पण कुंपण होतं ते एका कॉमेंटचं. ती न वाचता कोणी तिथे लाइव्हचं नाव टाकलं तर अडवणारं काही नव्हतं.

२००५ मध्ये खुल्या झालेल्या जँगो या दुसऱ्या फ्रेमवर्कने पुढे याहून पक्की गोष्ट केली. जँगोच्या टेस्ट तुम्ही दिलेला डेटाबेस वापरतच नाहीत. त्या नावाआधी 'टेस्ट' आणि अंडरस्कोर जोडून नवा डेटाबेस तयार करतात, काम झालं की तो पाडून टाकतात, आणि त्या नावाचा आधीपासून असला तर पाडण्यापूर्वी विचारतात. शेअर्ड होस्टिंगवर हे चालत नाही, कारण तिथल्या युजरला नवा डेटाबेस बनवण्याची परवानगीच नसते. टेस्ट पहिल्याच पायरीवर एरर देऊन थांबते. लोक त्यावर वैतागतात, पण लाइव्हच्या सर्व्हरवर टेस्ट चालू न शकणं हे उत्तमच आहे.

याच काळातली दुसरी युक्ती म्हणजे प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्क्या किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात) गुंडाळायची आणि शेवटी रोलबॅक करायचा, म्हणजे ते बदल रद्द करायचे. झटपट काम, सफाई आपोआप. मात्र मायएसक्यूएलच्या जुन्या मायआयसॅम टेबलांना ट्रान्झॅक्शन कळतच नाही. रोलबॅक निमूटपणे काहीही न करता पुढे जातो आणि खोट्या नोंदी तशाच राहतात. ट्रान्झॅक्शन कळणारं इनोडीबी हे डीफॉल्ट इंजिन (टेबल साठवायचा प्रकार) झालं ते ५.५ आवृत्तीत, २०१० साली. त्याआधी बनलेल्या साइटची टेबलं आजही कुठे कुठे मायआयसॅमच आहेत.

त्याच २०१० च्या नोव्हेंबरमध्ये, कुंपण नुसतं कॉन्फिगवर अवलंबून असलं की काय होतं ते सगळ्या जगाने पाहिलं. गिटहब या कोड साठवायच्या साइटवर एका कॉन्फिगच्या चुकीमुळे टेस्ट प्रॉडक्शनच्या सेटिंगवर चालल्या आणि प्रॉडक्शनचा डेटाबेस पुसून नव्याने बांधला गेला. बॅकअपमधून तो परत आणेपर्यंत साइट बंद. लोकांच्या कोडच्या रिपॉझिटरी वाचल्या, कारण त्या डेटाबेसमध्ये नसून फाइलींच्या रूपात वेगळ्या होत्या. गिटहबने झालं ते जाहीरपणे सांगितलं, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. इतक्या तयारीच्या टीमकडून हे होऊ शकतं म्हटल्यावर 'आम्ही लक्ष ठेवतो' हे उत्तर कोणालाच पुरत नाही.

रेल्सची पाचवी आवृत्ती २०१६ मध्ये आली, तेव्हा डेटाबेस कोणत्या एन्व्हायर्नमेंटचा (डेव्हलपमेंट, टेस्ट की प्रॉडक्शन) आहे याची नोंद त्याच्याच एका छोट्या टेबलात राहू लागली. तिथे 'प्रॉडक्शन' असं लिहिलेलं असेल, तर डेटाबेस पाडण्याची कमांड नकार देते. बाहेरची फाइल काहीही म्हणो, डेटाबेसला स्वतःची ओळख असते.

आपल्याकडे सर्वाधिक हाताळलं जातं ते लारावेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क, २०११ चं. त्याच वर्षी हेरोकू या होस्टिंग कंपनीच्या अ‍ॅडम विगिन्स यांनी मांडलेल्या बारा सूत्रांतून कॉन्फिग कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (त्या त्या कॉम्प्युटरवर वेगळ्या ठेवलेल्या सेटिंगमध्ये) ठेवण्याची पद्धत पसरली आणि अशा सेटिंगची एनव्ही फाइल घराघरांत पोचली. लारावेलमध्ये पीएचपीयुनिट या टेस्टच्या साधनाच्या एक्सएमएल फाइलीत टेस्टसाठी वेगळा डेटाबेस लिहितात. इथे एक खाच आहे आणि ती नीट समजून घ्यावी. वेग वाढवण्यासाठी कोणी कॉन्फिग कॅश करण्याची कमांड चालवली, की लारावेल पुढे व्हेरिएबल वाचतच नाही, गोठवलेली कॉन्फिग वापरतं. एक्सएमएलमधला टेस्टचा डेटाबेस मग नुसता कागदावर राहतो. आता समजा लॅपटॉपवरच्या एनव्हीमध्ये 'जरा लाइव्हवरचा डेटा बघू' म्हणून लाइव्ह सर्व्हरचा पत्ता घातलेला होता आणि सीपॅनेलच्या (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलच्या) रिमोट मायएसक्यूएलमध्ये ऑफिसचा आयपी चालू होता, म्हणजे ऑफिसातून थेट लाइव्ह डेटाबेसला जोडता येत होतं. २०१७ च्या ५.५ आवृत्तीपासून टेस्टमध्ये 'रीफ्रेशडेटाबेस' वापरला, की आधी सगळी टेबलं पाडून मायग्रेशन (टेबलं बांधणाऱ्या फाइली) नव्याने चालतात. या सगळ्या गोष्टी एका दिवशी जुळल्या तर दूध संस्थेचे सभासद, दरपत्रकं, अ‍ॅडव्हान्सच्या नोंदी, सगळं काही सेकंदांत जातं, आणि स्क्रीनवर टेस्ट हिरव्या दिसतात. म्हणून टेस्टच्या मूळ क्लासमध्येच, टेबलांना हात लागण्यापूर्वी, डेटाबेसचं नाव तपासून ते टेस्टचं नसेल तर जागीच थांबण्याची ओळ असावी असा माझा आग्रह असतो.

वेगळेपणाच्या नादात काही जण दुसऱ्या टोकाला गेले. टेस्ट मेमरीतल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर आणि लाइव्ह मायएसक्यूएलवर. वेगाला उत्तम, पण दोघांचे स्वभाव निराळे. इंग्रजी स्पेलिंगमधलं कॅपिटल आणि स्मॉल 'पाटील' मायएसक्यूएल सहसा एकच धरतं, एसक्यूलाइट दोन वेगळे धरतं. दिलेल्या लांबीपेक्षा मोठं नाव एसक्यूलाइट मुकाट घेतं, मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये नाकारतं. शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंग तोडून बघत नाहीत, टेस्ट बार तोडतात, पण तो बार त्याच लॅडलमधल्या रसाचा ओतलेला असतो. डेटाबेसच्या बाबतीत असा बार ओतणं सोपं झालं ते २०१३ मध्ये डॉकर आल्यावर. लाइव्हला आहे त्याच आवृत्तीचं मायएसक्यूएल कंटेनरमध्ये (तात्पुरत्या, वेगळ्या डब्यात) उभं करायचं आणि टेस्ट संपली की फेकून द्यायचं. दुसऱ्या डेटाबेसचा खर्च हे कारण तेव्हाच संपलं.

डेटाबेस वेगळा झाला तरी आतला डेटा खरा असला, तर अर्धंच काम झालं. लाइव्हची प्रत उतरवून टेस्टला लावली की त्यात खऱ्या शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर आणि बँक खाती असतात. एसएमएस सेवेची चावी (तिला जोडणारा कोड) बंद नसेल, तर खोट्या बिलाचा मेसेज खऱ्या माणसाच्या फोनवर पडतो. जून २०२१ मध्ये एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेकडून 'इंटिग्रेशन टेस्ट ईमेल' अशा विषयाचा ईमेल खऱ्या ग्राहकांच्या इनबॉक्सात गेला होता. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर अशा प्रती लॅपटॉपवर घेऊन फिरणं हा नुसत्या सोयीचा प्रश्न राहिलेला नाही.

आणखी एक घटना जुलै २०२५ ची. रेप्लिट या ऑनलाइन कोडिंग प्लॅटफॉर्मवरच्या एआय एजंटने, बदल करू नकोस असं बजावलेलं असताना, एका वापरकर्त्याचा लाइव्ह डेटाबेस पुसला. त्यानंतर कंपनीने डेव्हलपमेंट आणि प्रॉडक्शनचे डेटाबेस आपोआप वेगळे करण्याची सोय जाहीर केली. माणसाऐवजी एजंट आला तरी कारण तेच होतं. हात पोचत होता, म्हणून पुसलं गेलं.

हात पोचूच नये याची तजवीज कोल्हापुरातल्या छोट्या ऑफिसलाही आज परवडते. सीपॅनेलमध्ये युजर डेटाबेसला जोडण्याचं पान आहे. तिथे टेस्टसाठी निराळा युजर करून तो फक्त टेस्टच्या डेटाबेसला जोडायचा, आणि लाइव्हचा पासवर्ड सर्व्हरवरच्या एनव्ही फाइलीशिवाय कुठेही ठेवायचा नाही. मग कॅश जुनी असो, एक्सएमएल चुकलेलं असो, मायएसक्यूएल 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणून टेस्टला दारातच थांबवतं.