ओल्या फरशीवरचं मांजर

फरशी नुकतीच पुसून झालेली असते. घरभर स्वच्छतेचा वास असतो. तेवढ्यात मांजर त्या ओल्या फरशीवरून सावकाश चालत जातं, खिडकीत उडी मारून बसतं, पुढचा पंजा उचलतं, बोटं फाकवतं आणि बोटांमधली एकेक फट चाटायला लागतं. पाहणाऱ्याला यात काहीच वावगं वाटत नाही. पण मघाशी फरशीवर जे होतं, ते आता त्याच्या पोटात चाललेलं असतं.

अमुक क्लीनर पाळीव प्राण्यांना चालतं का, हा प्रश्न बहुतेक जण बाटलीकडे बघून विचारतात. मला वाटतं तो प्राण्याकडे बघून विचारायला हवा. ज्या द्रावणाने कुत्र्याचं पोट जेमतेम बिघडेल, त्याच द्रावणाने मांजराच्या जिभेवर व्रण उठू शकतात आणि पिंजऱ्यातला पक्षी नुसत्या फवाऱ्याने कासावीस होऊ शकतो.

मांजराच्या जिभेपासूनच सुरुवात करू. तिच्यावर घशाच्या दिशेने वळलेले शेकडो बारीक काटे असतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ साली दाखवून दिलं की या काट्यांची टोकं पोकळ असतात, अगदी इवल्याशा चमच्यासारखी. त्या पोकळीत लाळ आपोआप भरते आणि थेट केसांच्या मुळापर्यंत पोचते. अंग साफ करायला याहून चांगलं साधन नाही. पण काटे आत वळलेले असल्यामुळे केसांतून जे निघतं ते बहुतेक गिळलंच जातं. म्हणून मांजराच्या अंगाला काही लागणं आणि ते त्याने खाणं, यात फारसा फरक उरत नाही.

पोटात गेलेल्या गोष्टीचं पुढे काय होतं हे यकृतावर ठरतं. फिनॉल जातीची रसायनं शरीरात आली की माणसाचं किंवा कुत्र्याचं यकृत त्यांना ग्लुक्युरॉनिक आम्लाचा एक तुकडा जोडतं. त्यामुळे ती पाण्यात सहज विरघळतात आणि लघवीवाटे निघून जातात. ही जोडणी करणारं एक महत्त्वाचं विकर (एन्झाइम) ज्या जनुकापासून बनतं, ते यूजीटी-१ए६ नावाचं जनुक मांजरांमध्ये निकामी झालेलं आहे. वाघ-सिंहांचीही तीच गत आहे. संशोधकांचा कयास असा की, पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ मांसावर जगणाऱ्या या कुळाला वनस्पतींमधली विषारी द्रव्यं पचवायची गरजच पडली नाही, त्यामुळे जनुक बिघडलं तरी काही अडलं नाही. मग माणसाने घरात जंतुनाशकं आणली आणि ते अडायला लागलं.

काळं फिनेल आणि कोळशाच्या डांबरापासून बनणारी इतर जंतुनाशकं फिनॉल जातीची. जखमा धुण्यासाठी आणि फरशीसाठी वापरलं जाणारं, क्लोरोझायलेनॉल असलेलं द्रावणही त्याच घराण्यातलं. पांढऱ्या फिनेलमध्ये पाइनचं तेल असतं, तेही मांजराच्या यकृताला जड जातं. एक ढोबळ खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: जे जंतुनाशक पाण्यात टाकताच दुधासारखं पांढरं होतं, ते मांजर असलेल्या घरात वापरू नये. पाण्यात न विरघळणारं तेल बारीक थेंबांच्या रूपात पसरतं, म्हणून तो पांढरेपणा येतो, आणि त्या थेंबांत बहुधा फिनॉल नाहीतर पाइन असतं. अर्थात पांढरं झालं नाही म्हणजे चालेल, असा उलटा अर्थ मात्र काढू नका.

कारण फरशीच्या, ओट्याच्या आणि पुसायच्या ओल्या टिश्यूंच्या लेबलवर हल्ली सर्रास दिसणारं बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक पाण्यात पारदर्शकच राहतं. त्याला वासही फारसा नसतो. प्राण्यांच्या विषबाधेबद्दल सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या व्हेटरनरी पॉइझन्स इन्फर्मेशन सर्व्हिसकडे आलेल्या, या रसायनाची बाधा झालेल्या २४५ मांजरांच्या नोंदी २०१५ साली प्रसिद्ध झाल्या. निम्म्याहून अधिक मांजरांच्या तोंडातून लाळ गळत होती, बऱ्याच जणांच्या जिभेवर व्रण होते, अंगात ताप होता. बहुतेक सगळी बरी झाली, ही दिलाशाची गोष्ट. पण लक्षणं दिसायला काही तास जातात. सकाळी फरशी पुसली आणि मांजराने दुपारी खाणं सोडलं, तर या दोन गोष्टींचा संबंध घरातल्या कोणाच्या सहज लक्षात येत नाही.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते, आणि ती मायेपोटी होते. मांजराचं अंग तापलेलं लागतं म्हणून कोणी त्याला घरातली पॅरासिटामॉलची गोळी देतं. पॅरासिटामॉलचा निचरा करायलाही यकृताला तीच जोडणी लागते, जी मांजराला जमत नाही. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होत जाते. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुठल्याही कारणाने, कितीही कमी प्रमाणात, ती देऊ नका.

ब्लीचची भीती सगळ्यांनाच वाटते, पण मला ते सरसकट वाईट ठरवता येत नाही. कुत्र्याच्या पिल्लांना मारणारा पार्व्हो विषाणू अनेक नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही, तो पातळ केलेल्या ब्लीचने मरतो. म्हणून प्राण्यांच्या निवाऱ्यांमध्ये साधारण एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण वापरतात. ते दहा मिनिटं फरशीवर ओलं राहू देतात आणि मग धुऊन काढतात. प्राणी तोवर दुसरीकडे असतात. सुकलेल्या ब्लीचमधून मागे राहतं ते मुख्यतः मीठच. धोका असतो तो न मिसळलेल्या ब्लीचचा, ओल्या फरशीचा आणि कोंडलेल्या हवेचा. त्यात काही मांजरांना ब्लीचच्या वासाची विलक्षण ओढ असते, ती त्या जागी येऊन लोळतात. अशा मांजराला फरशी कोरडी होईपर्यंत दार लावून बाहेर ठेवणं हाच उपाय.

प्राण्याने लघवी केलेल्या जागी मात्र ब्लीच थेट ओतू नये. मुरलेल्या लघवीत अमोनिया असतो आणि ब्लीचशी संयोग होऊन त्याचे क्लोरामाइन वायू बनतात. ते आपल्याही नाकाडोळ्यांना झोंबतात. टॉयलेट क्लीनरमधलं आम्ल ब्लीचमध्ये पडलं तर क्लोरीन बाहेर पडतो. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो, तो फरशीलगत साचतो, आणि कुत्र्या-मांजरांची नाकं तिथेच असतात. लघवीची जागा आधी भरपूर पाण्याने धुवावी, मग विकरयुक्त क्लीनर वापरावं. अमोनिया असलेलं क्लीनर तर नकोच. त्याचा वास प्राण्याला लघवीसारखाच वाटतो आणि तो पुन्हा त्याच कोपऱ्यात जातो.

पक्ष्यांची अडचण श्वासाची आहे. त्यांच्या फुप्फुसांना हवापिशव्या जोडलेल्या असतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते. आपण श्वास सोडतो तेव्हा ताजी हवा थांबते, त्यांची चालूच असते. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू त्यांना असा मिळतो, पण हवेतलं विषही तितक्याच झपाट्याने रक्तात जातं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला १९८६ सालापर्यंत कॅनरी पक्षी नेत असत, ते याच कारणाने. पिंजरा असलेल्या खोलीत फवारणीचं कोणतंही क्लीनर किंवा रूम फ्रेशनर वापरू नका. आधी पिंजरा हलवा, नंतर फवारा.

माशांच्या टाकीचा विचार तर कोणाच्या मनात येतच नाही. टाकी बंद असली तरी तिचा हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडत असतो. फवारलेलं सगळं बुडबुड्यांतून आत जातं. काच आतून साबणाने पुसणंही घातक, साबणाने कल्ल्यांचं नाजूक आवरण बिघडतं.

‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये, असं मी कळकळीने सांगेन. टी ट्री तेल झाडाचंच आहे, पण निर्भेळ रूपात ते मांजर आणि कुत्रा दोघांनाही बाधतं. अंग थरथरतं, पाय लुळे पडतात. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतलं तेल मांजराला सोसत नाही. त्यापेक्षा भांडी धुण्याचा साधा साबण आणि पाणी रोजच्या फरशीला पुरतं. तुंबलेली नळी मोकळी करणारी तीव्र अल्कली आणि कपडे धुण्याच्या द्रवाच्या मऊ कॅप्सूल मात्र कुलपातच हव्यात. कुत्र्याने चावताच कॅप्सूल फुटते आणि आतला घट्ट द्रव त्याच्या श्वासनलिकेत जाऊ शकतो.

आणि प्राण्याने काही चाटलंच, तर उलटी करवू नका. दाहक द्रव वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतो, फेसाळणारा द्रव फुप्फुसात उतरतो. अंगाला, पंजांना लागलं असेल तर कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने लगेच धुवा. धुवायला घेईपर्यंत मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून धरा, म्हणजे ते आणखी चाटणार नाही. लक्षणांची वाट न बघता प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि जाताना बाटली सोबत घ्या. पुढच्या बाजूचं मोठं नाव डॉक्टरांच्या फारसं कामाचं नसतं. त्यांना मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत छापलेली रसायनांची नावं आणि टक्केवारी वाचायची असते.