पाठीत सुरा: रोगच्या लढाईचा हिशेब कसा बदलत गेला

टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाची पहिली पेटी १९७४ साली आली, तेव्हा तिच्यात तीनच क्लास, म्हणजे खेळाडूनं निवडायचे पात्रप्रकार, होते: फायटिंग मॅन, मॅजिक यूजर आणि क्लेरिक (पुजारी). चोर नव्हता. कुलूप उघडायचं किंवा सापळा हुडकायचा असेल तर ज्याला सुचेल त्यानं टेबलावर बोलून दाखवायचं, बाकी निर्णय खेळ चालवणाऱ्या रेफरीचा. चोराचा क्लास असावा ही कल्पना सँटा मोनिकातल्या एरो हॉबीज या दुकानात जमणाऱ्या खेळाडूंची. खेळाचा सहनिर्माता गॅरी गायगॅक्स यानं ती आपल्या पद्धतीनं मांडून त्याच वर्षी एका छोट्या वार्तापत्रात छापली आणि १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीत चोर रीतसर खेळात आला.

हा चोर लढवय्या नव्हताच. हिट पॉइंटसाठी, म्हणजे मार सोसायच्या ताकदीसाठी, चार बाजूंचा फासा, म्हणजे मॅजिक यूजरच्या पंक्तीत. अंगावर फार तर चामड्याचं चिलखत, ढाल नाही. लढाईत त्याच्याकडे एकच चीज होती, बॅकस्टॅब: नकळत मागून वार केला तर नेम ठरवणाऱ्या फाशात चारची भर आणि डॅमेज दुप्पट, पुढे दर चार लेव्हलनी (अनुभवाच्या पायऱ्यांनी) आणखी एक पट. ऐकायला दणदणीत वाटतं. पण सुऱ्याचा फासा चार बाजूंचा, त्याची सरासरी अडीच; दुप्पट केली तरी पाच. एवढ्यात राक्षस मेला नाही, की तो वळतो आणि समोर उभे असता तुम्ही, दोन-तीन हिट पॉइंटचे धनी.

म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रश्न एकच आहे. वार किती मोठा, यापेक्षा वार करायची संधी किती वेळा मिळते? रोगसाठी (चोराच्या क्लासचं पुढे पडलेलं नाव) कुठली लढाऊ क्षमता घ्यावी यावर आजही जो वाद चालतो, तो मुळात याच प्रश्नावरचा आहे.

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘रोग’ हे चोर आणि बार्ड (गाणारा भाट) या दोघांच्या गटाचं नाव झालं. (देवनागरीत हा शब्द लिहिला की आजारच डोळ्यांसमोर येतो, त्याला इलाज नाही.) तोवर चोराच्या कौशल्यांचे टक्के तक्त्यात ठरलेले असत. आता सुरुवातीला ६० आणि पुढे दर लेव्हलला ३० गुण खेळाडूनं स्वतः वाटायचे होते. लढाईसाठी म्हणून वेगळं काही निवडायला मिळत नव्हतं. पण हुशार खेळाडूंच्या लक्षात आलं, की सावलीत लपणं आणि आवाज न करता चालणं हीच खरी लढाऊ कौशल्यं आहेत, कारण शत्रूच्या पाठीमागे पोचलातच नाहीत तर पट घेऊन करायचं काय?

मोठी उलथापालथ झाली २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत. ‘रोग’ हे आता क्लासचंच नाव झालं. बॅकस्टॅब जाऊन स्नीक अटॅक, म्हणजे बेसावध शत्रूवरचा वार, आला, गुणाकाराच्या जागी बेरीज आली: पहिल्या लेव्हलला सहा बाजूंचा एक जादा फासा, मग दर दोन लेव्हलना आणखी एक, १९व्या लेव्हलला दहा. अटही सैल झाली. शत्रूच्या एका बाजूला तुम्ही, बरोबर समोरच्या बाजूला तुमचा सोबती, एवढं फ्लँकिंग जमलं की पुरे. आणि एका टर्नमध्ये (एकाच्या पाळीत) किती वेळा, यावर बंधनच नाही.

इथून दोन हातांत दोन तलवारींचं वेड सुरू झालं. पाचव्या लेव्हलचा रोग घ्या. तीन जादा फासे म्हणजे सरासरी साडेदहा. दोन्ही वार लागले तर एकवीस, वर शस्त्रांचं डॅमेज वेगळं. प्रत्येक वारावर वजा दोनचा दंड सोसूनही सौदा फायद्याचा. २०००मध्ये त्यासाठी दोन फीट (लेव्हल वाढताना निवडायची खास कसबं) खर्ची पडत. २००३च्या सुधारित नियमांत ते काम एकात आलं.

याच काळात फसवे पर्यायही उगवले. माझा त्यातला जुना वैरी म्हणजे इम्प्रूव्हड फेंट. हुलकावणी देऊन शत्रूला बेसावध करायचं, मग वार. रोगला याहून शोभेल असं काय? मी हौसेनं घेतला. त्यासाठी बुद्धिमत्ता १३ हवी, आधी आणखी एक फीट हवा, तेही केलं. मग टेबलावर कळलं, की हुलकावणीत हालचालीसाठीची कृती, म्हणजे मूव्ह अ‍ॅक्शन जाते, म्हणून उरतो एकच वार. समोरचा सोबती दोन पावलं सरकला असता तर फुकटात दोन मिळाले असते. त्यातून चालते मुडदे, यंत्रमानव, चिखलाचे गोळे, वनस्पती या सगळ्यांवर स्नीक अटॅक चालतच नसे. मोहीम स्मशानाकडे वळली की रोगनं मशाल धरायची.

२००८च्या चौथ्या आवृत्तीनं आणि २००९च्या पाथफाइंडर या त्याच घराण्यातल्या दुसऱ्या खेळानं ही बंदी बरीचशी उठवली. पाथफाइंडरच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत तर जादा फासे चारवरच थांबतात. तिथले मोलाचे फीट डॅमेज वाढवणारे नाहीत, अट सोपी करणारे आहेत. घाबरलेला शत्रू आपोआप बेसावध धरायचा, किंवा सोबती नेमका समोर नसला तरी फ्लँकिंग मोजायचं, अशा स्वरूपाचे.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीनं उलट बाजूनं लगाम घातला. अट अगदी सोपी: अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा) असावा, नाहीतर सोबती शत्रूपासून पाच फुटांत असावा. पण स्नीक अटॅक एका टर्नमध्ये एकदाच. त्यामुळे दुसऱ्या तलवारीचा अर्थच बदलला. ती आता दुप्पट डॅमेज देत नाही, हुकलेला नेम पुन्हा धरायची संधी देते. एक वार लागण्याची शक्यता ६० टक्के असेल, तर दोनांपैकी निदान एक लागण्याची ८४. मात्र त्यात टर्नमागे एकच मिळणारी जादा छोटी कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन जाते, आणि वार करून सटकायलाही तीच लागते. जुन्या सवयीचे खेळाडू इथं हमखास चुकतात. दुसरी गोम शब्दांत आहे: राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक पाळी) नव्हे, टर्नमध्ये एकदा. पळणाऱ्या शत्रूवर दुसऱ्या कोणाच्या टर्नमध्ये, झटपट प्रत्युत्तराच्या मुभेनं म्हणजे रिअ‍ॅक्शननं वार केला, तर सगळे जादा फासे पुन्हा मिळतात.

२०२४च्या नियमांत स्नीक अटॅकचे फासे चलनासारखे खर्च करता येतात. पाचव्या लेव्हलपासून एक फासा, म्हणजे सरासरी साडेतीन डॅमेज, सोडून शत्रूला पाडता येतं, विष देता येतं किंवा वार करून निसटता येतं. शत्रू आडवा पडला की जवळून लढणाऱ्या सगळ्या सोबत्यांना अ‍ॅडव्हान्टेज, साडेतीनाला स्वस्तच. १४व्या लेव्हलला शत्रूला बेशुद्ध करण्याचा पर्याय मिळतो, त्याची किंमत सहा फासे. तेव्हा तुमच्याकडे असतात सात. शत्रूनं सेव्ह केला, म्हणजे वाचण्यासाठी टाकलेला फासा साधला, तर सहाही फुकट गेले, आणि नाही केला तरी कोणाचा तरी बाण चुकून त्याला लागला की तो उठून बसतो.