मिशनची गाडी रोमा वस्तीत पोहोचते, त्याआधीची सहा शतकं

उन्हाळा आला की अमेरिका आणि पश्चिम युरोपातल्या चर्चची तरुण पथकं रोमानियात उतरतात. त्यांच्या दिवसाचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. सकाळी प्रार्थना करायची, मग गाडीत तेल-साखर-पिठाच्या पिशव्या, औषधं आणि कपडे भरायचे आणि गावाच्या टोकाची रोमा वस्ती गाठायची. बहुतेक ठिकाणी डांबरी रस्ता संपतो तिथं ही वस्ती सुरू होते. मुलांसाठी गाणी, रंगखडू आणि बायबलमधली एखादी गोष्ट असते. मोठ्यांचा रक्तदाब तपासला जातो, कुणाच्या गळक्या छपरावर पत्रा चढतो. संध्याकाळी गाडी शहराकडे परतते.

हे काम मनापासून केलं जातं, याबद्दल मला शंका नाही. पण वस्ती गावाबाहेरच का, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणाऱ्या माणसाकडे घराखालच्या जमिनीचा कागद का नाही, याचं उत्तर त्या एका दिवसात मिळत नाही. ते शोधायला बरंच मागं जावं लागतं आणि वाटेत चर्चचं दारही लागतं.

जगानं ज्यांना ‘जिप्सी’ म्हटलं ते रोमा लोक साधारण हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन अभ्यासकांनी त्यांच्या भाषेवरून दाखवून दिलं. आज त्या भाषेत पाण्याला ‘पानी’ आणि नाकाला ‘नाक’च म्हणतात. इराण, आर्मेनिया, बायझंटाईन साम्राज्य असा प्रवास करत चौदाव्या शतकापर्यंत ते बाल्कन प्रदेशात पसरले होते. लोहारकाम, तांब्याची भांडी, लाकडी चमचे, घोड्यांचा व्यापार आणि वाद्यवादन ही त्यांची कामं. हे कारागीर सगळ्यांना हवे होते आणि आजच्या रोमानियात नेमकं तेच त्यांच्या मुळावर आलं.

१३८५ साली वलाकियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण रोमानियातल्या संस्थानाचा, राजा पहिला दान यानं तिस्माना या ख्रिस्ती मठाला एक दानपत्र दिलं. त्यातल्या मालमत्तेच्या यादीत ४० रोमा कुटुंबं आहेत. रोमानियाच्या भूमीवरचा रोमांचा हा सगळ्यात जुना लेखी उल्लेख, आणि तो गुलाम म्हणून आहे. पुढे वलाकिया आणि शेजारचं मोल्डाविया या दोन्ही संस्थानांत गुलामांचे तीन वर्ग झाले: राज्याचे, बोयार म्हणजे सरदार-जमीनदारांचे, आणि मठांचे. मठाच्या भिंतीआड घंटा वाजायची, उपासना चालायची आणि त्याच मठाच्या भट्टीवर, शेतावर, स्वयंपाकघरात विकत घेता-देता येणारी माणसं राबायची. मालकाच्या परवानगीशिवाय त्यांना लग्न करता येत नसे आणि मुलं आईबापांपासून तोडून देऊन टाकली जात.

मिहाईल कोगल्निचानू हे रोमानियाचे मोठे राजकारणी. गुलामगिरी उठवण्याच्या लढ्यात ते आघाडीवर होते. लहानपणी याश शहराच्या रस्त्यांवर हातापायांत बेड्या घातलेली माणसं पाहिल्याचं त्यांनी उतारवयात, १८९१ च्या एका भाषणात सांगितलं. काहींच्या कपाळाभोवती लोखंडी पट्ट्या होत्या. हे दृश्य एकोणिसाव्या शतकातलं आहे, हे ध्यानात ठेवायला हवं.

मुक्ती आली ती टप्प्याटप्प्यानं. आधी राज्याचे आणि मठांचे गुलाम सुटले, मग १८५५ च्या डिसेंबरमध्ये मोल्डावियात आणि २० फेब्रुवारी १८५६ रोजी वलाकियात खासगी मालकीचे. वलाकियाच्या कायद्यानं मालकांना माणशी सोन्याची १० नाणी भरपाई ठरवली. सुटलेल्या माणसाच्या हाती मात्र काहीच पडलं नाही. त्याला ना जमीन मिळाली, ना अवजारं, ना घर. अनेक कुटुंबं जुन्या मालकाच्याच शिवारात, गावकुसाबाहेर, कुणाला नको असलेल्या ओढ्याकाठच्या किंवा चढाच्या जागेवर राहिली. आजच्या कितीतरी वस्त्यांची मुळं इथं आहेत. मिशनची गाडी जिथं चिखलात रुतते ती जागा रोमांनी निवडलेली नाही.

शेजारच्या ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग साम्राज्यात वाट गुलामगिरीची नव्हती, तर ‘सुधारणे’ची होती. महाराणी मारिया थेरेसा हिनं १७५८ पासून एकामागून एक फर्मानं काढली. भटकू नये, घोडे बाळगू नयेत, स्वतःची भाषा बोलू नये. मुलं काढून घेऊन ख्रिस्ती शेतकरी कुटुंबांत वाढवण्याचाही हुकूम होता. बरीच मुलं पळून आईबापांकडे परत गेली.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. १८७१ च्या कायद्यानं इंग्रज सरकारनं आपल्याकडच्या अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली ‘सेटलमेंट’ उभी राहिली. देशात अशा अनेक वसाहतींचा कारभार मुक्तिफौजेसारख्या मिशनांकडे होता. शाळा चालवणं आणि हजेरी घेणं ही दोन्ही कामं तेच करत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का पुसला गेला, पण जमिनीचा आणि दाखल्यांचा प्रश्न तिथंही मागं उरलाच.

दुसऱ्या महायुद्धात रोमानियाचा हुकूमशहा आन्तोनेस्कू याच्या राजवटीनं सुमारे २५ हजार रोमांना नीस्टर नदीपलीकडच्या ट्रान्सनिस्ट्रियात हाकललं. त्यातले सुमारे ११ हजार भूक, थंडी आणि टायफसनं मेले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ऑशविट्झ या नाझी छावणीतला रोमा कुटुंबांचा विभाग रिकामा करण्यात आला आणि तिथल्या चार हजारांहून अधिक माणसांना विषारी वायूनं मारण्यात आलं. युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीनं त्यांना कारखान्यांत आणि सामूहिक शेतांवर कामाला लावलं. १९८९ मध्ये ती राजवट कोसळल्यावर सामूहिक शेती मोडली, जमिनी जुन्या मालकांच्या वारसांकडे गेल्या. रोमांपैकी फार थोड्यांच्या नावावर कधी जमीन होती, त्यामुळे वाटपात ते पुन्हा कोरडे राहिले आणि कामही गेलं.

परदेशी मदतीची लाट आली ती याच वेळी. रोमानियातल्या अनाथालयांची चित्रं टीव्हीवर दिसली आणि पश्चिमेकडून ट्रक निघाले. बुटांच्या खोक्यांत मुलांसाठी नाताळची भेट भरून पाठवण्याची मोहीम १९९० मध्ये वेल्समधल्या रेक्सहॅम गावातून रोमानियासाठीच सुरू झाली. आजच्या उन्हाळी पथकांची परंपरा त्या दिवसांची आहे.

पण रोमांमधली ख्रिस्ती चळवळ या पाहुण्यांच्या आधीची आहे, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जॉर्ज बॉरो या बायबल सोसायटीच्या प्रतिनिधीनं लूकचं शुभवर्तमान स्पेनच्या रोमांच्या बोलीत आणलं, ते १८३७-३८ च्या सुमारास. बल्गेरियात लोम गावाजवळच्या गोलिन्त्सी वस्तीत १९२० च्या दशकात रोमांची बाप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाची मंडळी उभी राहिली. फ्रान्समध्ये १९५० पासून क्लेमाँ ल कोसेक या ब्रिटनी प्रांतातल्या पास्टरनं तंबू-गाड्यांत राहणाऱ्या कुटुंबांत काम सुरू केलं, आणि लवकरच उपदेशाचं काम त्यांच्यातल्याच माणसांकडे सोपवलं. चळवळ स्पेन-पोर्तुगालपर्यंत पसरली ती त्यामुळे. मठाच्या यादीत नोंदलेल्या माणसांचे वंशज स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या चालीवर प्रार्थना म्हणू लागले. आज रोमानियातल्या कित्येक वस्त्यांत पाहुण्या पथकाचं स्वागत करणारा पास्टर रोमाच असतो. पथक गेल्यावर कुणाचं मूल शाळेतून गळलं, कुणाला दारू सोडायची आहे, हे तोच बघतो.

२ जून २०१९ रोजी पोप फ्रान्सिस ट्रान्सिल्व्हेनियातल्या ब्लाज गावी रोमा समाजाला भेटले आणि इतिहासात त्यांच्याशी झालेल्या भेदभावाबद्दल चर्चच्या वतीनं त्यांनी क्षमा मागितली. २० फेब्रुवारी हा रोमानियात आता गुलामगिरीच्या अंताचा स्मरणदिन आहे.

वस्तीतला रोजचा झगडा मात्र ओळखपत्राचा आहे. कायमचं ओळखपत्र हवं तर राहत्या जागेचा पुरावा लागतो. घर विनाकागद जमिनीवर असेल तर हाती पडतं मुदतीचं, तात्पुरतं पत्र. नोकरी, दवाखाना, अनुदान या सगळ्यांत तिथूनच अडचणी सुरू होतात. म्हणून वर्षानुवर्षं एकाच वस्तीत टिकून राहिलेल्या काही ख्रिस्ती संस्थांनी पिशव्या वाटण्याबरोबर दुसरंही काम अंगावर घेतलं आहे. मुलांच्या जन्मनोंदी करायच्या, नगरपालिकेत जमिनीच्या मोजणीचा अर्ज लावायचा आणि शाळा सुटल्यावर मुलांना जेवू घालून त्यांचा अभ्यास घ्यायचा.