बारावीचं गाईड वेगळं, पीएचडीचे गाईड वेगळे

जळगाव घ्या, धुळे घ्या, नंदुरबार घ्या, कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूमबाहेर पाच मिनिटं उभं राहा, "भो, गाईड भेटना का तुले?", म्हणजे गाईड मिळाले का तुला, हा प्रश्न कानावर पडतोच. आणि विचारणाऱ्याच्या सुरावरून लगेच कळतं की याच्या डोक्यातलं गाईड अजून तेच आहे, जे त्याने बारावीला असताना जूनमध्ये दुकानातून आणून खाकी कव्हर घालून ठेवलं होतं. गाईड हातात आलं की अर्धा अभ्यास झाला. बारावीला ते खरंही होतं. पीएचडीला गाईड म्हणजे संशोधनाला मार्गदर्शन करणारे प्राध्यापक, तिथे ते खरं नाही, आणि हे एकेकाला सांगून सांगून तोंड दुखायला लागलंय म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

पहिलं गाईड सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्यावर वेळ घालवत नाही. बालभारतीचं पुस्तक, त्यातला धडा, धड्याखालचा स्वाध्याय, आणि गाईडमध्ये त्याच क्रमाने त्या स्वाध्यायाची उत्तरं, झालं. वाईट वस्तू आहे असं मी म्हणत नाही, अक्कलकुवा-धडगावकडच्या ज्या पोरांना क्लास परवडत नाही त्यांचा क्लास तेच असतं. मला खटकतं ते एकच. कृतिपत्रिकेत "स्वमत" म्हणून प्रश्न असतो, म्हणजे बाबा तुझं स्वतःचं मत लिही, आणि गाईडमध्ये त्याचंही उत्तर छापलेलं असतं, आणि अख्खा वर्ग तेच स्वतःचं मत म्हणून लिहून येतो! मतसुद्धा दुसऱ्याने तयार करून द्यायचं ही जी सवय लागते ना, ती पुढे थेट विद्यापीठाच्या पीएचडी विभागाच्या काउंटरपर्यंत सोबत येते.

शाळेतलं स्काऊट-गाईड यात आणू नका, तिथे स्काऊट म्हणजे मुलं आणि गाईड म्हणजे मुली, विषय संपला. मिक्सरच्या खोक्यात येतं ते यूजर गाईड कोणी उघडत नाही, तेही सोडा.

आता काही हुशार लोक म्हणतात, फरक सोपा आहे, एक पुस्तक आणि एक माणूस. नाही हो, तिथेच तर चुकतंय. अजिंठ्याला जा, जळगावहून साठेक किलोमीटर. तिथला परवानाधारक गाईडही माणूसच असतो, पण १ नंबरच्या लेणीत पद्मपाणी कुठे उभा आहे, २६ नंबरला महापरिनिर्वाणाची मूर्ती कुठे, १० नंबरच्या खांबावर त्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली आपलं नाव कुठे खरडून ठेवलंय, हे तो झोपेतही सांगेल, कारण रोजची वाट आहे त्याची. म्हणजे माणूस असूनही तो बारावीच्या गाईडचाच भाऊबंद. उत्तर त्याच्याकडे तयार आहे, आपण ऐकायचं आणि मान डोलवायची. पुस्तक की माणूस हा फरक नाहीच, उत्तर आधीपासून आहे की नाही हा फरक आहे.

आणि पीएचडीच्या गाईडकडे उत्तर नसतं. लपवून ठेवलंय, मग देतील, असं नाही, खरंच नसतं. असलं असतं तर त्या विषयावर पीएचडी कशाला करायची, ज्याचं उत्तर माहीत आहे त्याला संशोधन म्हणत नाहीत, उजळणी म्हणतात. सर असोत की मॅडम, त्यांना माहीत असतं ते एवढंच की उत्तर शोधायचं कसं, कुठे फसायला होतं, आणि मिळालेलं उत्तर टिकेल की नाही हे कसं तपासायचं. त्यामुळे "सर, टॉपिक द्या ना" हे जे पहिलं वाक्य असतं, ते ऐकलं की मला कसंतरीच होतं. टॉपिक दिला की मग "सर, चॅप्टर कसे पाडायचे", मग "सर, निष्कर्ष काय काढू", अरे म्हणजे स्वमतच झालं की परत!

उदाहरण घेऊ, नाहीतर हे सगळं हवेत राहील. समजा रावेरचा एक मुलगा अर्थशास्त्रात रजिस्ट्रेशन करायला आलाय आणि सिनॉप्सिसवर, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यावर, नाव लिहून आणलंय, "खानदेशातील केळी उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्यांचा चिकित्सक अभ्यास". अशी नावं ढिगाने येतात. चांगले गाईड असतील तर ते यावर टॉपिक देणार नाहीत, प्रश्न विचारतील. कुठला खानदेश, तिन्ही जिल्हे? कुठल्या समस्या, करपा-सीएमव्हीसारखे रोग, बऱ्हाणपूर-रावेरचा भाव, मजूर, वादळ, विमा? पोरगं म्हणतं, विमा. मग विचारतील, विम्याची भरपाई कशावर मिळते? पोरगं म्हणतं, नुकसानीवर. आणि इथे गाईड सर चष्मा काढून टेबलावर ठेवतात. कारण ही हवामान आधारित फळपीक विमा योजना आहे, थंडी किंवा उष्णतेची भरपाई शेतातले घड मोजून ठरत नाही, त्या भागातल्या हवामान केंद्रावर तापमान सलग किती दिवस ठरलेल्या आकड्याच्या खाली किंवा वर गेलं त्यावर ठरते (गारपीट-वादळाचे नियम वेगळे). बापाच्या शेतात केळी आहे, विम्याचा हप्ता दरवर्षी भरतात, तरी पोराला हे ठाऊक नाही. मग सर म्हणतात, जा, आधी योजनेचा जीआर वाचून ये. पंधरा दिवसांनी तोच मुलगा परत येतो ते प्रश्न घेऊनच, की केंद्रावरची नोंद आणि शेतातलं खरं नुकसान यांचा मेळ बसतो का, आणि रावेर तालुक्यातल्या कुठल्या महसूल मंडळात बसत नाही. आता झाला विषय. आणि याचं उत्तर सरांनाही माहीत नाही, कोणालाच नाही, ते त्या पोराने मंडळा-मंडळात फिरून काढायचंय.

यात सरांनी दिलं काय? बघायला गेलं तर काहीच नाही. म्हणूनच पोरं बाहेर येऊन सांगतात, "आमचे गाईड काही सांगतच नाहीत, नुसते परत पाठवतात." अरे परत पाठवणं हेच तर गाईड करणं आहे.

गाईडचं काम दिसतं अशी दुसरी जागा म्हणजे डेटा. गठ्ठ्यातून चाळीस-पन्नास प्रश्नावल्या काढल्या आणि सगळ्या एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या टिकने, "सहमत" च्या रकान्यात सरळ खाली उतरत गेलेल्या असल्या, तर त्या शेतकऱ्यांनी भरल्या की हॉस्टेलच्या कॉटवर बसून भरल्या हे अनुभवी माणसाला पान उलटतानाच कळतं. तिथे जे गाईड "चला, सॅम्पल साइज पूर्ण झाला" म्हणतात ते तुमचे हितचिंतक नाहीत, आणि जे गठ्ठा परत देतात त्यांच्या पाया पडा.

पुढचा घोळ, गाईड पास करतात. नाही करत. बारावीला निदान गाईडमधलं उत्तर आणि पेपर तपासणाऱ्याची अपेक्षा जुळायची तरी, इथे थिसिस, म्हणजे प्रबंध, विद्यापीठाबाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्यातले निदान एक जण समोर बसतात. एकाने नापसंतीचा रिपोर्ट दिला तर मंजूर यादीतल्या दुसऱ्या परीक्षकाकडे जातो, त्यालाही नाही पटला तर संपलं, गाईड कितीही मोठे असोत. म्हणून "सरांची ओळख वरपर्यंत आहे" यावर गाईड निवडू नका, व्हायवाला प्रश्न तुम्हाला विचारणारेत, सरांच्या ओळखीला नाही. त्याआधीही दर सेमिस्टरला संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते, तिथेही तुम्हीच उभे राहणार.

याचा उलटा अर्थ काढणारेही आहेत, की उत्तर द्यायचं नाही म्हणजे गाईडला काहीच करायचं नाही. सहा-सहा महिने चॅप्टर टेबलावर पडून, विचारलं तर "ठीक आहे, पुढचं लिहा". न वाचता ठीक आहे! शिवाय घरची किराणा यादी, मुलाच्या ॲडमिशनची धावपळ, स्वतःचे तपासायचे पेपर, सगळं स्कॉलरच्या, म्हणजे पीएचडी करणाऱ्याच्या, गळ्यात. असे गाईड आहेत, आपल्याकडेही आहेत, आणि त्यांना "गुरु-शिष्य परंपरा" वगैरे शब्द फार आवडतात. गाईड हे गुरु नाहीत आणि साहेबही नाहीत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमाने त्यांना नेमलंय ते तुमचं काम वाचायला.

आणि ज्यांना अजूनही छापील गाईडच हवंय त्यांच्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात कागद चिकटवलेले असतातच, "सिनॉप्सिस, डेटा, थिसिस करून मिळेल". यांचं नाव घेतलं तरी माझं डोकं फिरतं. नैतिकता बाजूला ठेवा, हिशोब बघा. यूजीसीच्या वाङ्मयचोरीवरच्या २०१८ च्या नियमात दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून परत द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष थिसिस देता येत नाही, आणि ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. आणि तो करून देणारा तोच चॅप्टर आणखी किती जणांना विकतोय, हे तुम्हाला कुठे माहीत आहे?

निवडायचं कसं, हे विचारणारे कमी असतात पण असतात. आपल्या उमविच्या पोरांना, म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या, आधी एवढं बघा की सरांकडे जागा आहे का. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे एका वेळी प्रोफेसरकडे ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंटकडे ४ स्कॉलर, त्यापुढे नाही. मग सरांच्या निवृत्तीला किती वर्षं राहिली ते बघा, तीनपेक्षा कमी असतील तर नवीन स्कॉलर घेताच येत नाही, आणि तरीही कोणी "बघू, करू काहीतरी" म्हणत असेल तर चहा पिऊन निघा. तुमच्याकडे स्वतःकडे कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत (पुढची मुदतवाढ वेगळी, बायकांना आणखी दोन वर्षं मिळतात), त्यातलं वर्ष गाईड बदलण्यात गेलं तर दुखतं.

विद्यापीठांनी गाईड, त्यांचे स्कॉलर आणि विषय यांची यादी वेबसाइटवर ठेवायची असते. ती यादी उघडा, सरांच्या नावाखालचे दोन-तीन स्कॉलर शोधा, फोन करा, आणि सर स्वभावाने कसे आहेत वगैरे विचारत बसू नका, एकच विचारा, चॅप्टर दिल्यावर लाल शाईने भरून किती दिवसांत परत येतो. महिन्याच्या आत म्हणाले तर तिथे जा, मग ते कडक असोत की तिरसट. "सर फार चांगले आहेत, काही बोलतच नाहीत" असं उत्तर आलं तर दुसरं नाव बघा.