उंदराच्या पाठीवरून आईच्या गुडघ्यावर: कमी शक्तीच्या लेझरची पार्श्वभूमी

फोंड्यात एका फिजिओच्या खोलीत आई खाटेवर गुडघा उघडा टाकून बसली होती. चतुर्थी तीन आठवड्यांवर आलेली. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला दरवर्षी तीच स्टुलावर चढते, आणि यंदा जिना उतरतानाच गुडघा धरू लागला होता. फिजिओ मुलीने तिच्या डोळ्यांवर हिरवट काचांचा गॉगल चढवला, स्वतःही घातला, जाड पेनासारखा प्रोब वाटीच्या कडेला टेकवला आणि बटण दाबले. यंत्र टीट-टीट करत राहिले. ना शेक, ना मुंग्या, ना झटका. थोड्या वेळाने आई माझ्याकडे वळून म्हणाली, “म्हाका कांयच कळना.” पैसे मोजायचे तर निदान जरा भाजल्यासारखे तरी वाटायला हवे, असा तिचा हिशेब.

तिची तक्रार रास्त होती. कमी शक्तीच्या लेझरच्या या उपचारावरचा साठेक वर्षांचा वादही तोच आहे: जे जाणवतच नाही, ते काम कसले करणार?

प्रकाशाने बरे करण्याची कल्पना तशी लेझरच्या आधीची. डेन्मार्कचे नील्स फिन्सेन कार्बन आर्कच्या दिव्याचा झोत भिंगांतून आणि थंड पाण्यातून नेऊन त्वचेच्या क्षयावर टाकत. उष्णता पाण्यात जिरायची, उरलेला प्रकाश रोग्याला मिळायचा. १९०३ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. पण फिन्सेन यांचा भर अतिनील किरणांवर होता. आपल्या गोष्टीतला किरण लाल आहे, किंवा लालाच्याही पलीकडचा.

पहिला लेझर १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात मालिबूच्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी पेटवला, माणकाच्या एका छोट्या कांडीतून. गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीज राज्य होते. डॉक्टरांना या नव्या किरणात पहिल्यांदा दिसली ती सुरी: जाळणारी, कापणारी, डोळ्याच्या पडद्याला टाका घालणारी. बोस्टनमध्ये पॉल मॅकगफ यांनी माणकाच्या लेझरने प्राण्यांतल्या गाठी जाळून पाहिल्या.

बुडापेस्टचे शल्यचिकित्सक एन्द्रे मेस्टर यांनी १९६७च्या सुमारास हाती घेतलेल्या प्रयोगाची हकिकत दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एक म्हणते, मॅकगफ यांच्यासारखी गाठ त्यांनाही जाळायची होती. दुसरी म्हणते, लेझरने उलट कॅन्सर होतो का, ते त्यांना तपासायचे होते. पुढचे मात्र दोन्हींत सारखेच. त्यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस भादरले, काहींना लेझर दिला, काहींना नाही. त्यांच्या यंत्राची ताकद बेताची होती. गाठी जळाल्या नाहीत, कॅन्सरही झाला नाही. पण ज्यांना किरण मिळाला, त्यांच्या पाठीवर केस लवकर उगवले.

दुसरा एखादा असता तर यंत्र फुसके निघाले म्हणून नवे मागवायला लागला असता. मेस्टर त्या केसांच्या मागे लागले. केस वाढतात तर जखम का भरू नये, असे म्हणत ते आधी उंदरांच्या जखमांकडे आणि मग माणसांच्या पायांवरच्या, वर्षानुवर्षे न भरणाऱ्या व्रणांकडे वळले. माझ्या मते या उपचाराचे खरे मूळ त्या दुबळ्या यंत्रात आहे.

शीतयुद्धाच्या काळात हे काम पूर्व युरोप आणि सोव्हिएत संघात वाढले. बरेचसे लेखन हंगेरियन आणि रशियन भाषांत राहिले, आणि पश्चिमेकडच्या डॉक्टरांनी नाक मुरडले. त्यात उपचाराचे नावही धड ठरेना. सॉफ्ट लेझर, कोल्ड लेझर, बायोस्टिम्युलेशन, मग लो लेव्हल लेझर थेरपी, अलीकडे फोटोबायोमॉड्युलेशन. इतकी नावे बदलणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोणी उधारी देणार नाही.

किरण शरीरात जाऊन नेमके करतो काय, याचे सर्वांत मानले गेलेले उत्तर मॉस्कोजवळच्या त्रोइत्स्कमध्ये काम करणाऱ्या तीना कारू यांच्या संशोधनातून आले. पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे एक एन्झाइम असते. ते लाल आणि त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश शोषते, त्याचे काम वेग घेते, पेशीला जास्त ऊर्जा मिळते आणि सूज-दुरुस्तीच्या पुढच्या साखळ्या हलतात, असे ते स्पष्टीकरण. त्यावर अजून वाद आहेत. पण लालच का, हे घरीही दिसते. रात्री दिवा मालवून मोबाइलची टॉर्च बोटाखाली धरा. पांढऱ्या उजेडातला फक्त लाल भाग वर येतो, बाकीचा रक्तात अडतो. साधारण ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात शरीर थोडेफार पारदर्शक असते, आणि उपचाराची यंत्रे त्याच फटीतून आत शिरतात. सुरुवातीची हेलियम-निऑनची यंत्रे ६३२.८ नॅनोमीटरचा लाल किरण देत. नंतर स्वस्त आणि सुटसुटीत डायोड आले, त्यांतले पुष्कळसे डोळ्यांना न दिसणारे. गॉगल लागतो तो म्हणूनच. न दिसणारा किरण डोळ्यात गेला तर पापणी मिटायचीही सूचना मिळत नाही.

इथे मला पणजीतला तो पुतळा आठवतो, जुन्या सचिवालयाशेजारचा: हात पुढे करून उभे असलेले आबे फारिया आणि समोर कोसळणारी बाई. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या पाद्र्याने पॅरिसमध्ये सांगितले की संमोहन करणाऱ्याच्या हातातून कसलाही चुंबकीय प्रवाह वाहत नाही, जे घडते ते समोरच्याच्या मनात घडते. लेझरवरचा आक्षेप नेमका हाच होता. गॉगल, टीट-टीट, पांढरा कोट... गुडघा बरा होईल नाही तर काय! गंमत म्हणजे या शंकेची परीक्षा घ्यायला न दिसणारा किरण फार सोयीचा. यंत्र खरे चालू आहे की नुसते वाजते आहे, हे रोग्याला कळत नाही, आणि नीट बेत केला तर देणाऱ्यालाही नाही. उंदराच्या पाठीला तर फारिया माहीतही नव्हते.

अशा चाचण्यांचा निकाल एकमुखी नाही. मानेच्या दुखण्यावरच्या १६ चाचण्या आणि ८२० रुग्ण एकत्र पाहणारा आढावा २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला; त्यात वेदना खरोखर उतरलेली दिसली. त्याच्या वर्षभर आधी चाचण्या गोळा करून पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या कंबरदुखीवरच्या आढाव्याने मात्र पुरावा अपुरा ठरवला होता. औषधे-उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २००२ साली मनगटातली नस दबण्याच्या दुखण्यासाठी एका यंत्राला परवानगी दिली.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र गुडघ्यामानेचा नाही, तोंडाचा आहे. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला रेडिएशन घेताना आतली कातडी सोलवटते. पेज गिळतानाही डोळ्यांत पाणी येते. मणिपालच्या संशोधकांनी ५० रुग्णांवर हेलियम-निऑन लेझर वापरून पाहिला आणि २००६ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये दाखवले की लेझर मिळालेल्यांचे तोंड कमी सोलवटले, दुखलेही कमी. म्हणजे कोकण रेल्वेने मडगावहून निघालो तर काही तासांत पोचतो त्या गावातले हे काम. २०१८ साली उपचारांची पारख करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही याच वापरासाठी पुरावा पुरेसा मानला.

मग एकीकडे होय आणि दुसरीकडे नाही, असे का? पुष्कळदा कारण डोस हेच असते. इथे वाढत्या मात्रेबरोबर गुण वाढत जात नाही. फार थोडा किरण दिला तर काही होत नाही, बेताचा दिला तर पेशी हलते, जास्त ओतला तर ती उलट दबते. मिठासारखे म्हणा. त्यामुळे ‘लेझर दिला’ या दोन शब्दांना काही अर्थ नाही. १०० मिलिवॅटचा प्रोब ४० सेकंद टेकवला तर ४ जूल ऊर्जा होते. १० मिलिवॅटच्या प्रोबला तेवढ्यासाठी ४०० सेकंद लागतील. जागतिक लेझर थेरपी संघटनेने मात्रांचे तक्ते काढले आहेत, आणि गुडघ्याच्या संधिवातावरच्या २०१९च्या मोठ्या आढाव्यात त्या तक्त्यांप्रमाणे डोस घेणाऱ्यांना इतरांपेक्षा स्पष्ट जास्त आराम पडला.

हे सगळे वाचून मी आईचे कार्ड काढले. त्यावर लिहिले होते: ‘लेझर, १० मि.’ बस्स. तरंगलांबी नाही, शक्ती नाही, जूल नाही. पुढच्या खेपेला मी विचारले तेव्हा ती मुलगी वैतागली नाही, हे तिचे कौतुक. कपाटातून यंत्राचे पुस्तक काढले, धूळ झटकली, मोबाइलवर गुणाकार केला आणि कार्डावर नवे रकाने आखून जागेगणिक जूल लिहू लागली. दर आठवड्याचे मांडीचे व्यायामही तिने आईला लिहून दिले, कारण नुसत्या किरणावर गुडघा चालत नाही, असे तीच म्हणाली.

आईने अजून एकदा विचारले, बत्ती खरीच पेटते ना. मुलीने मोबाइलचा कॅमेरा प्रोबसमोर धरला. डोळ्यांना काही दिसत नव्हते, पण पडद्यावर फिकट जांभळा ठिपका उमटला होता.

“आसा म्हणटा,” आई म्हणाली, आणि गॉगल पुन्हा नाकावर सरकवला.