विरळ प्रक्षेपण-अपयश : जोखमीचे मूल्यमापन

एरवी भरवशाच्या ठरलेल्या प्रक्षेपकाचे (रॉकेटचे) पुढचे उड्डाण फसण्याची शक्यता किती, हे आधीच अजमावण्याची रीत. यातली मूळ अडचण अशी की अपयश जितके विरळ, तितका हिशेबाला पुरावा तोकडा. रस्त्यावरच्या अपघातांच्या नोंदी वर्षाला हजारोंनी जमतात. बहुतेक प्रक्षेपकांच्या उभ्या आयुष्यात शंभर उड्डाणेही होत नाहीत. म्हणून येथे नुसती मोजदाद पुरत नाही, यंत्राच्या पोटात शिरावे लागते.

मोजदाद कुठवर नेते हे पुण्याच्याच एका उपग्रहावरून पाहता येते. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (सीओईपी) विद्यार्थ्यांनी बनवलेला जेमतेम एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही या प्रक्षेपकाच्या सी34 उड्डाणातून श्रीहरिकोट्याहून गेला. एकूण 20 उपग्रहांतला तो एक. पीएसएलव्हीचे हे 36 वे उड्डाण. 1993 मधले पहिले उड्डाण फसले होते, 1997 मधल्या चौथ्यात उपग्रह ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत गेला होता आणि त्यानंतर ओळीने 31 उड्डाणे सुखरूप झाली होती. त्या सकाळी धोका किती होता? 31 पैकी एकही अपयश नाही म्हणून शून्य, असे कोणी म्हणणार नाही. फ्रेंच गणिती लाप्लास याच्या नियमाप्रमाणे अपयशांत एक आणि उड्डाणांत दोन मिळवायचे. उत्तर येते 33 त एक, म्हणजे 3 टक्के. संख्याशास्त्रात ‘तीनचा नियम’ म्हणून ओळखला जाणारा ठोकताळा वेगळे सांगतो : 3 भागिले 31, म्हणजे साधारण 10 टक्के ही वरची मर्यादा. धोका खरोखर 10 टक्के असता तर ओळीने 31 यशे मिळण्याचा योग शंभरात चारदाच आला असता, म्हणून त्याहून मोठा धोका बऱ्याच खात्रीने बाद करता येतो. तीन टक्के आणि दहा टक्के यांत काय निवडायचे, हे मात्र मोजदाद सांगत नाही.

‘स्वयम्’ कक्षेत पोहोचला. त्यानंतरच्या पाचव्या उड्डाणात, 31 ऑगस्ट 2017 रोजी, पीएसएलव्ही-सी39 चे उष्णतारोधक कवच उघडलेच नाही आणि आयआरएनएसएस-1एच हा दिशादर्शक उपग्रह आतच अडकला. पुढे 21 उड्डाणे बिनबोभाट झाली आणि 18 मे 2025 रोजी 63 व्या उड्डाणात (सी61) तिसऱ्या टप्प्याच्या मोटरमधला दाब घसरला. म्हणजे 63 उड्डाणांत पूर्ण अपयशे तीन : एक आज्ञावलीतल्या (सॉफ्टवेअरमधल्या) चुकीने, एक कवचामुळे, एक घन इंधनाच्या टप्प्यामुळे. या तिन्हींची बेरीज करून ‘पाच टक्के’ म्हणणे सोपे आहे, पण प्रत्येक ठेचेनंतर प्रक्षेपकात आणि तपासणीत फेरफार होतात. 1993 चा पीएसएलव्ही आणि 2025 चा पीएसएलव्ही यांचे नाव एक असले तरी ते एकच यंत्र म्हणून मोजायचे का, हा प्रश्न उरतोच.

नव्या प्रक्षेपकाची पहिली काही उड्डाणे सर्वांत धोक्याची. पुणेकरांना हे धरणावरून चटकन पटेल : पानशेत 12 जुलै 1961 रोजी फुटले ते पहिल्याच भरणीत. युरोपच्या एरियान-5 चे पहिले उड्डाण 4 जून 1996 रोजी सुमारे 37 सेकंदांत संपले. दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणेची आज्ञावली जुन्या एरियान-4 वरून जशीच्या तशी उचललेली होती. नवा प्रक्षेपक अधिक वेगाने आडवा झेपावला, त्याचा आकडा ठरवलेल्या 16 बिटांच्या जागेत मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तीच आज्ञावली असल्यामुळे ती क्षणभर आधीच बंद पडली होती. हजारात एकदा बिघडणारी दोन यंत्रे जोडीने लावली की धोका दहा लाखांत एक होतो, हे गणित दोघांच्या बिघाडाचे कारण वेगवेगळे असेल तरच खरे. कागदावरच्या जोखमीच्या अंदाजांत सर्वांत जास्त फसगत याच गुणाकाराने होते.

सुटे भाग धरून हिशेब करण्याच्या पद्धतीला दोषवृक्ष म्हणतात. ही पद्धत 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मिनिटमन क्षेपणास्त्रासाठी बेल प्रयोगशाळेत विकसित झाली. शेंड्याला ‘उड्डाण फसले’ हे वाक्य लिहायचे आणि ते कशाकशाने घडू शकेल याच्या फांद्या झडप, तार, जोड इथपर्यंत उतरवत न्यायच्या. प्रत्येक भागाच्या चाचण्या पुष्कळ झालेल्या असतात, त्यामुळे तिथे आकडे मिळतात. कोणाच्या ध्यानातच न आलेली फांदी मात्र वृक्षावर नसते. अमेरिकेच्या स्पेस शटलबाबत व्यवस्थापनाचा अंदाज लाखात एक अपयशाचा होता, तर काही अभियंते शंभरात एक म्हणत होते. लाखात एक म्हणजे रोज एक उड्डाण केले तरी तीनशे वर्षांत एखादेच फसेल, असे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चॅलेंजर या शटलच्या अपघाताच्या चौकशीनंतर दाखवून दिले. शटलची प्रत्यक्षात 135 उड्डाणे झाली आणि दोन याने गेली.

28 जानेवारी 1986 चा चॅलेंजरचा अपघात या विषयात पुन्हा पुन्हा अभ्यासला जातो, कारण तिथे पुरावा हाताशी होता. घन इंधनाच्या बूस्टरचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या (ओ-रिंग) थंडीत ताठरतात. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी 12 अंश सेल्सियसखाली उडवू नका असे सांगितले होते. 12 अंश म्हणजे पुण्यातली डिसेंबरची नेहमीची पहाट. फ्लोरिडात त्या दिवशी उड्डाणाच्या वेळी सुमारे 2 अंश होते. चर्चेत कड्यांना इजा झालेलीच उड्डाणे पाहिली गेली, आणि त्यांतले एक उबदार दिवसाचे निघाल्यामुळे तापमानाचा संबंध कोणालाच ठामपणे दाखवता आला नाही. इजा न झालेली उड्डाणे शेजारी मांडली असती तर चित्र लख्ख होते : 19 अंश किंवा त्याहून उबदार दिवशी झालेल्या 20 उड्डाणांपैकी फक्त तीनमध्ये इजा, आणि 17 अंश किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत इजा. यशस्वी म्हणून नोंदलेल्या उड्डाणांतच अपयशाची माहिती साठलेली होती.

अशा हुकलेल्या अपघातांना पूर्वसूचक घटना म्हणतात. मोठे अपयश विरळ असले तरी या घटना विरळ नसतात, आणि जोखीम अजमावायला त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. त्यांचा उलटा अर्थही लावला जातो. कोलंबिया या दुसऱ्या गमावलेल्या शटलच्या अपघाताआधीच्या अनेक उड्डाणांत इंधनटाकीवरचा फेस सुटून यानावर आदळला होता; काही बिघडले नाही म्हणून तो देखभालीचा विषय ठरला. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कल्पना चावलांसह सात जण परतीच्या वाटेवर गेले. ‘इतकी वर्षं गाडी चालवतोय, कधी पडलो नाही’ हा हेल्मेट नाकारणाऱ्या पुणेकराचा युक्तिवाद याच जातीचा.

घन इंधनाच्या मोटरची तऱ्हा आणखी वेगळी. द्रव इंधनाचे इंजिन जमिनीवर पेटवून पाहून मग उडवता येते. घन मोटर एकदाच पेटते आणि संपते. त्यामुळे जी उडणार ती मोटर कधीच चाचणीत पेटलेली नसते, तिच्यासारखी दुसरी पेटवलेली असते. आपल्याकडे या कामाचा पुण्याशी जवळचा संबंध आहे : सुतारवाडीतील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा क्षेपणास्त्रांसाठीच्या घन इंधनावर काम करते, आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी मोटरची पोलादी कवचे घडतात. भरलेल्या मोटरमध्ये भेग किंवा इंधन कवचापासून सुटलेली जागा आहे का, हे क्ष-किरण आणि श्राव्यातीत ध्वनिलहरींनी पाहतात. येथे भरवसा त्या तपासणीवर आणि कामाच्या शिस्तीवर उभा असतो.

उड्डाण फसणे आणि माणसे दगावणे या दोन जोखमी वेगळ्या मोजतात. जमिनीवरच्या लोकांसाठी अमेरिकी नियमांत एका प्रक्षेपणामागे अपेक्षित जीवितहानी किंवा गंभीर इजा दहा हजारांत एकपेक्षा जास्त असून चालत नाही. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेचा मोकळा समुद्र इथे कामी येतो. 25 डिसेंबर 2010 रोजी इस्रोचा जीएसएलव्ही-एफ06 हा प्रक्षेपक ताबा सुटल्यावर जमिनीवरून आज्ञा देऊन नष्ट केला गेला आणि अवशेष बंगालच्या उपसागरात पडले. विमा कंपन्यांना प्रश्न फक्त पैशांचा. नव्या प्रक्षेपकाला हप्ता चढा. अंतराळवीर असतील तर प्रक्षेपक फसला तरी माणसे वाचवता येतात : 11 ऑक्टोबर 2018 रोजी रशियाच्या सोयूझचे उड्डाण फसले, पण दोघेही अंतराळवीर सुखरूप उतरले.

गगनयानाच्या अशाच सुटका-यंत्रणेची पहिली उड्डाणचाचणी 21 ऑक्टोबर 2023 रोजी झाली. शेवटचे पाच सेकंद उरले असताना संगणकाने उलटी गणती थांबवली. कारण शोधून दहा वाजता चाचणीयान सोडले आणि ते यशस्वी झाले. यश-अपयशाच्या तक्त्यात त्या दिवसापुढे फक्त ‘यश’ असे लिहिलेले सापडते. पाच सेकंद आधीच्या थांब्यासाठी त्यात रकाना नाही.