कुंडीत आपोआप उगवलेलं रोप ओळखताना

पावसाळा लागला की कुंडीत न लावलेलं काहीतरी उगवतंच. पक्ष्याने टाकलेल्या बीचा पिंपळ, ओल्या कचऱ्याच्या खतातून आलेला टोमॅटो, नाहीतर पपई. मग फोटो येतो, ‘हे कसलं रोप?’ आणि फोटोत असतो वरून टिपलेला हिरवा गुच्छ. मला मात्र बघायचा असतो पानाचा देठ खोडाला चिकटतो तो सांधा.

त्या बेचक्यात बारीकसा डोळा असतो, पुढे फांदी किंवा फूल फुटतं ते तिथूनच. डोळा असेल तिथेच खरं पान सुरू होतं. कढीपत्त्याची काडी हातात घेऊन बघा. तिच्यावरच्या एकेका पानाच्या बुडाशी डोळा नसतो. तो असतो काडी जिथे फांदीला जोडलेली असते तिथे. म्हणजे फोडणीत टाकतो त्या सगळ्या पर्णिका, आणि पान म्हणजे ती अख्खी काडी!

पपई आणि एरंड वीतभर वाढले की दोघांची पानं हाताच्या पंजासारखी दिसतात आणि भलेभले फसतात. पपईचा देठ मोडला की पांढरा चीक येतो (तो हाताला लागू देऊ नका, खाज सुटते). एरंडाला असा चीक नसतो. शिवाय त्याचा देठ पानाच्या कडेला न जुळता छत्रीच्या दांड्यासारखा खालून आत जुळतो. एरंडाच्या बिया विषारी असतात, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर ही ओळख पटलीच पाहिजे.

रोगाचंही असंच, आधी जागा बघायची. ‘पानं पिवळी पडली’ एवढ्यावरून काही कळत नाही. कुठली पडली? नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह असं हलवता येत नाही. ते कमी पडलं की शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावरच्या कुंड्यांत हे नेहमी दिसतं. मातीत लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही. तिथे आणखी शेणखत घालून फारसा उपयोग होत नाही.

जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली तर शेंडे आणि पानांची खालची बाजू तपासा. पिठ्या ढेकूण (पांढऱ्या पिठासारखी दिसणारी कीड) तिथे रस शोषत बसलेला असतो आणि त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात. यातला पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिकोकडचा. भारतात तो 2008 साली कोइंबतूरला आढळला आणि जास्वंदीवरही पसरला. 2010 मध्ये त्याच्यावर उपाय म्हणून एक इवलीशी गांधीलमाशी परदेशातून आणली गेली. ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते आणि अळी त्याला आतून खाते. तेव्हा फांदीवर फुगून तपकिरी पडलेले, गोल भोक असलेले पोकळ ढेकूण दिसले, तर तिथे परोपजीवी माशीने काम सुरू केलंय. त्या फांदीवर फवारणी करू नका.